ज्या गाण्याखाली तिची हाक होती

तुम्ही माझ्या बायकोचा आवाज बंद केला. आधी डॉक्टरांनी केला होता, पण त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, कागदावर सही घेतली होती, आणि कापताना त्यांच्या हाताला रक्त तरी लागलं होतं. तुमच्या हाताला काही लागलं नाही. श्रावणातल्या एका मंगळवारी तुम्ही एका व्हिडिओचा आवाज काढून घेतला आणि खाली ओळ टाकली, की हक्कधारकाच्या दाव्यावरून या व्हिडिओचा आवाज काढण्यात आला आहे. तुम्ही म्हणजे कोण, ते मला अजून कळलेलं नाही. व्हिडिओ ठेवणारी एक कंपनी आहे आणि गाण्याची मालक दुसरी कंपनी आहे. पहिलीला विचारलं की ती दुसरीकडे बोट दाखवते, दुसरीचा पत्ता शोधला की पहिलीचाच फॉर्म उघडतो. यात पोलीस नाहीत, कोर्ट नाही, तहसीलदार नाही. तहसीलदार निदान माणसावर ओरडतो तरी. तुम्ही ओरडतसुद्धा नाही, ‘आपण धीर धरल्याबद्दल आभारी आहोत’ म्हणता. म्हणून मी दोघांनाही ‘तुम्ही’च म्हणतो आहे. ज्याच्या अंगाला लागेल त्याने स्वतःला समजावं.

माझं नाव योगराज. गोंदियात रेल्वेच्या पुलापलीकडे माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक भिंत आणि तिच्यात पडदा लावलेलं दार. लग्न, बारसं, गणपती, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया, म्हणजे जत्रा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सुखाचा आवाज मी वाढवत आलो. त्या मंगळवारी जेवण झाल्यावर मी एका फाटक्या स्पीकरचा पडदा बदलत बसलो होतो. मागच्या खोलीत माझी बायको धनवंता पडून होती. तिच्या गळ्याला भोक होतं आणि भोकात नळी होती. श्वास नाकातोंडातून नाही, त्या नळीतून चालायचा. नळीत कफ साचला की श्वास अडायचा, मग मी आत जायचं, मशीन लावून कफ ओढायचा, नळीचा आतला तुकडा काढून धुवायचा, परत बसवायचा. दिवसातून सहा वेळा, कधी दहा. तिने हाक मारायची आणि मी जायचं, असं आमचं ठरलेलं होतं. गळ्यात आवाजच न उरलेली बाई हाक कशी मारते ते सांगतो. पण आधी हे सांगू द्या, की त्या दुपारी हाक आली नाही आणि हाक आली नाही म्हणून मला बरं वाटलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, माझ्या मुलीलाही नाही. डिंक लावता लावता मी मनात म्हटलं, आज दुखत नसन बिचारीले, झोप लागली वाट्टे. चहा मागवला, सावकाश प्यालो. शूटिंगवाला हेमेंद्र आला, त्याच्याशी बोललो, हसलो. कशावर हसलो ते आठवत नाही. हसल्याचं मात्र आठवतं. तोंडात अजून ते हसणं राहून गेल्यासारखं वाटतं, दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं, जिभेने ढकललं तरी निघत नाही.

चेतना आमची एकुलती एक. तिची हळद बिरसीला झाली, धनवंताच्या भावाच्या, बिसरामच्या अंगणात, कारण गोंदियाच्या आमच्या गल्लीत मांडव मावला नसता. मी मुलीचा बाप, पण सकाळपासून मशीनजवळच. आम्हा साऊंडवाल्यांची एक समजूत आहे, मांडवातला आवाज बंद पडला की कार्याला नजर लागते. म्हणून जेवायला बसलो तरी एक हात मशीनवर. पोरीच्या हळदीला मी नेहमीपेक्षा दोन बॉक्स जास्त लावले होते. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, संपतात तिथपर्यंत गाणं जात होतं, आणि गाणं कुठलं, तर तेच, हळदीला सगळीकडे वाजतं ते, ढोलक आणि सनईचं. आमच्याकडे ते वाजलं नाही तर बाया हळद लावत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. हेमेंद्रच्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं होतं. चेतना पाटावर बसलेली, तोंड पिवळं. धनवंताचे हात कोपरापर्यंत पिवळे. ती वाकून चेतनाच्या कानात काहीतरी सांगते. चेतना मान हलवते, ऐकू नाही आलं. ती पुन्हा सांगते. पुन्हा नाही. मग धनवंता सरळ होते, कमरेवर हात ठेवते, जिकडे मी बसलो होतो तिकडे वळते आणि गाण्याच्या वरून ओरडते, “अवो चेतनाचे बाबा! कमी करा ना जी थो आवाज! मानसाचं मानसाले आयकू नाही येऊन राह्यलं!” दोन मिनिटं चौदा सेकंदांवर. सगळा मांडव हसला. बिसराम मला, बहिणीच्या नवऱ्याला, म्हणाला, “भाटवा, आता तं पोरगीबी चालली, आता रोजच आयकाचं हाय तुमाले!” मी काय केलं असेल? लोक हसले म्हणून मला चेव आला. मी आवाज आणखी वाढवला. तेवढ्यात बिरसीच्या विमानशाळेचं एक शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि धनवंता परत चेतनाच्या कानाशी वाकली. ती काय सांगत होती, ते चेतनाला कधीच ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तेव्हा धनवंता म्हणाली, “तेव्हाचं तेव्हा होतं थे. आता कायले पायजे?”

दोन वर्षांनी तिचा घसा बसला. बसला तो बसलाच. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, तिनेही खाल्ला, मीही खाल्ला, तिच्यापेक्षा जास्तच खाल्ला, पण झालं तिला. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल, जीव वाचेल. ती तेव्हा घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, “मंग मी तुमाले बोलावू कशी?” जीव, मरण, पोरगी, सगळं सोडून हा प्रश्न. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, अर्धं गाव मी बहिरं केलं, तू मुकी झाली तं जोडी जमली. ती हसली नाही. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण तिची ती एक हाकच नावासारखी होती. लग्न झालं तेव्हा ‘आयकता का जी’ होती, चेतना झाल्यावर ‘चेतनाचे बाबा’ झाली. ऑपरेशननंतर घरी आल्यावर मी तिला देवाची घंटी आणून दिली, वाजव म्हणालो. तिने ती उशाखाली घातली आणि पाटीवर लिहिलं, मी बैल आहे का. चौथी शिकलेली बाई, अक्षरं वाकडी, पण राग सरळ. पंधरा दिवस ती हाताने पडदा हलवायची आणि मी बघेन याची वाट बघायची. आणि मी कुठला बघतो? मी कानाचा माणूस.

मग एक दिवस दुकानात तिचा आवाज आला. मी दोन वायर जोडत होतो, दोन्ही हातातून सुटल्या. दुकानात एक छोटा बिनवायरचा स्पीकर टेबलावर असतो, घरातले फोन त्याला आपोआप जुळतात. त्या स्पीकरमधून ढोलक, सनई आणि त्यांच्या वरून, “अवो चेतनाचे बाबा!” मी आत धावलो. ती पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती, हातात फोन, डोळ्यांत अशी चमक की मी ती लग्नाच्या दिवशीही पाहिली नसेल. हळदीचा व्हिडिओ आम्ही नेटवर टाकून ठेवला होता, चेतनाला सासरी बघता यावा म्हणून. आपली हाक कुठे आहे ते तिने अंगठा सरकवत सरकवत शोधलं होतं. त्या दिवसापासून तेच. व्हिडिओ दोन मिनिटं बारा सेकंदांवर थांबवून ठेवायचा, काम पडलं की दाबायचं. पाणी पाहिजे, दाब. नळी अडली, दाब. मी कोणाशी फार वेळ बोलत बसलो, तरी दाब. गिऱ्हाईक हसायचे. हेमेंद्र म्हणायचा, “भैया, दुनिया का आवाज तू बढाता है, और तेरा कम करनेवाली अंदर बैठी है. जा, बुलावा आया.” एकदा रागात मी म्हटलं, किती वेळा दाबतेस. तेव्हा तिने मान वाकडी करून पुन्हा दाबलं. सव्वा वर्ष असं चाललं. त्या सव्वा वर्षात आमचं भांडण झालं, रुसवा झाला, लाडसुद्धा झाला, सगळं त्या एका हाकेत. तीच ओळ, तोच सूर, तरी कुठली रागाची आणि कुठली मायेची ते मला कळायचं. तुमच्या मशीनला ते कळेल? तिला एवढंच कळलं की खाली ढोलक आहे, आणि ढोलक कोणाचं आहे.

त्या मंगळवारी स्पीकरमधून दोनदा साबणाची जाहिरात वाजली. गुणगुणणारी एक बाई, पाण्याचा आवाज, मग शांत. मी ऐकली. मी आणि हेमेंद्र, दोघांनीही ऐकली. मी म्हटलं, “पाहून राह्यली वाट्टे काहीतरी, जमलं तिचं.” हेमेंद्र म्हणाला, “अच्छा है ना भैया, मन लगा रहता है.” आता मला माहीत आहे की ती काही बघत नव्हती. ती दाबत होती. दाबलं की फोनमधली धनवंता कमरेवर हात ठेवून उभी राहत होती, तोंड उघडत होती आणि काही येत नव्हतं. तिला वाटलं असेल फोन अडकला. तिने बंद करून परत उघडलं असेल, आणि परत उघडताना तुमची साबणाची जाहिरात वाजली, कारण जाहिरातीचा आवाज तुम्ही बंद केलेला नव्हता. साडेतीनला मी पडदा सारून आत गेलो. स्टीलचा ग्लास खाली गोधडीवर पडलेला. तो फेकला असेल, पण गोधडीवर पडला. एक पाय पलंगाखाली उतरलेला. फोन मुठीत घट्ट धरलेला. फोनमध्ये हळद चालू होती, बाया नाचत होत्या, विमान गेलं, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि खोलीत कशाचाच आवाज नव्हता. मी नळी काढली, मशीन लावली, ओढत राहिलो. हेमेंद्रने मागून येऊन माझा हात धरेपर्यंत ओढत राहिलो. तो म्हणाला, “छोड़ दे भैया.” मशीन बंद केल्यावर जी शांतता आली, तशी मी तीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. मांडवातला आवाज बंद पडू द्यायचा नाही, हे ज्याला रक्तात भिनलेलं, त्याच्या घरात.

आता तुम्ही म्हणाल, मूळ व्हिडिओ कुठे आहे, तो ठेवायचा होता. म्हणा. तो मीच पुसला. हेमेंद्र लोकांच्या लग्नांच्या चिपा तीन महिन्यांनी रिकाम्या करतो, तसं त्याने सांगितलंही होतं, आणि त्याने दिलेली पेन ड्राईव्ह माझ्या दुकानातल्या इतर पेन ड्राईव्हांमध्ये गेली. हळद झाली त्याच साली मंडईचं काम अचानक आलं. गाणी भरायला एक पेन ड्राईव्ह कमी पडत होती. मी हातात धरून विचार केला, यात काय आहे? हळद. ती तर नेटवर चढवली, तिथे कुठे जाते. दाबलं आणि पुसली, आणि तिच्यात चारशे गाणी भरली. साऊंडवाला सोडून दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. लोक पेन ड्राईव्हमध्ये आठवणी ठेवतात, आम्ही तिला गाण्याचं भांडं समजतो, रिकामं करायचं आणि भरायचं. आणि ती चारशे गाणी कोणाची होती? कोणाला विचारून भरली? कोणालाच नाही. हो, मी चोर आहे, लिहून घ्या. तीस वर्षं मी तुमची गाणी तुम्हाला न विचारता वाजवली. कॅसेटी भरून दिल्या, सीडी भरून दिल्या. त्यासाठी मला धरा, दुकानाला कुलूप लावा, मी चावी आणून देतो. पण हेही लिहून घ्या, की ते हळदीचं गाणं मी आणि माझ्यासारख्यांनी गावोगाव, धुळीत, पावसात, जनरेटर ढकलत वाजवलं म्हणून ते हळदीचं गाणं झालं. नाहीतर ते एका पडलेल्या सिनेमातलं गाणं होतं. ज्या बाईने ते गायलं, तिला तुम्ही विचारलं का? तिचाही आवाज आता तुमच्याच कपाटात आहे.

तेरवी झाल्यावर चेतनाने तुमचा फॉर्म भरला. ती तिरोड्याला असते, तिथल्या एका शाळेत संगणक शिकवते, तिला हे समजतं. फॉर्ममध्ये चार गोल होते. हे गाणं माझ्या मालकीचं आहे. माझ्याकडे परवाना आहे. हा वापर टीकेसाठी किंवा शिक्षणासाठी आहे. गाण्यावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. चेतना म्हणाली, “बाबा, यातलं कोनतं?” मी म्हटलं, “पाचवं नाही का?” ती म्हणाली, “पाचवं नाही ना जी.” मी म्हटलं, “मंग लिही, गाणं तुमचं, ठेवा तुमच्याकडे, त्याच्यावरचा आवाज आमचा, तेवढा द्या.” तिने तिसऱ्या गोलावर टिचकी मारून खाली तसं लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीत. लिहिता लिहिता थांबली. मला वाटलं शब्द अडला. ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, “माह्या कानात माय काय सांगत होती बाबा थे? आता तं ओठबी पाहून पाहून थकली मी.” मी बोललो असतो तर तिला सांगावं लागलं असतं, की तुला ऐकू आलं नाही कारण मी आवाज वाढवला. ते तिला माहीत आहे. व्हिडिओत दिसतं. ती म्हणत नाही, हे तिचं मोठेपण, आणि मला तेच सोसवत नाही.

तीस दिवसांनी तुमचं उत्तर आलं. हक्कधारकाने आपल्या हरकतीची तपासणी केली असून दावा कायम ठेवला आहे. तपासणी! कोणी बघितला तो व्हिडिओ? कोणीतरी बसून धनवंताला कमरेवर हात ठेवताना बघितलं, आणि कायम म्हणालं? की एका मशीनने दुसऱ्या मशीनला विचारलं? माझं डोकं फिरलं. चेतनाला न विचारता मी हेमेंद्रकडून तोच मुका व्हिडिओ पुन्हा चढवला, वर माझ्या आवाजात दोन शिव्या घातल्या, आणि मागे मुद्दाम तेच गाणं वाजवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तुम्ही चॅनलच उडवला. हळदीचे, चेतनाच्या लहानपणाचे, बिसरामच्या घरच्या पेरणीचे, सगळे व्हिडिओ गेले. मुकी धनवंताही गेली. हेमेंद्र म्हणाला, “सिस्टम से होता है भैया, किसी की दुश्मनी थोड़े है.” मी त्याला म्हटलं, दुश्मनी असती तर बरं झालं असतं रे, दुश्मनाचं तोंड दिसते. चेतनाला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “काऊन केलं बाबा?” एवढंच. तिची आई असती तर यावर तासभर बोलली असती.

परवा चेतना आली होती. तिने आईच्या साड्या घड्या करून ठेवल्या, कफ ओढायची मशीन पुसून दवाखान्याला देण्यासाठी बांधली, आणि बांधता बांधता सहज बोलून गेली. तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं म्हणे. कुठल्या फोनवरून, कुठल्या दिवशी, कितीदा उघडला, कुठल्या सेकंदावर बोट ठेवलं. चॅनल असता तर त्यातलं थोडं आपल्यालाही दिसलं असतं, बाकीचं फक्त तुम्हाला दिसतं. मी विचारलं, “थे पुसत नाहीत का?” ती म्हणाली, “थे कायले पुसतीन बाबा? त्याच्यावरच तं जाहिराती चालतात त्यांच्या.” तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. गिऱ्हाईक येतात, मी बॉक्स देतो, वायरी गुंडाळतो, आणि मोजत राहतो. जाहिरात दोनदा वाजली. पण चेतना म्हणते, जाहिरात दर वेळी येत नाही, पाचदा उघडलं तर एकदा येईल, दहादा उघडलं तर एकदा येईल. म्हणून माझा हिशोब लागत नाही. मी भिंतीला हात लावून उभा राहतो. आठ इंच जाड भिंत आहे. मी ती स्वतः बांधून घेतली होती, दुकानाचा गोंगाट आत जाऊन तिला त्रास होऊ नये म्हणून.

गाणं तुमचं, ठेवा. चॅनल परत मागत नाही. माफी मागू नका, तुम्हाला ती येत नाही. मला फक्त एक आकडा पाहिजे, आणि तो जगात तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. त्या मंगळवारी दुपारी, जेवणानंतर आणि साडेतीनच्या आत, त्या एका फोनवरून माझ्या बायकोने मला किती वेळा हाक मारली? एकदा मारून ती गेली असेल तर एक लिहा. चाळीस वेळा मारली असेल तर चाळीस लिहा, मला जपायला जाऊ नका. मशीनकडून नको, नावाच्या माणसाकडून पाहिजे, खाली सही असलेलं. मी दुकान उघडं ठेवून बसलो आहे. सांगा, किती वेळा?